पाण्यासारखं मत

‘पाण्यासारखा पैसा खर्च केला’ हा वाक्प्रचार ज्यानं काढला तो माणूस सांगोल्याचा नव्हता, एवढं छातीठोकपणे सांगता येतं. कोकणातला असेल, फार तर राधानगरीकडचा. सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, पावसाच्या सावलीत बसलेल्या सांगोला तालुक्यात कुणी मुलीच्या लग्नात पाण्यासारखा पैसा खर्च केला असं म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल की बिचाऱ्यानं फारच काटकसर केली. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं अंगणात शिंपडायला आणि तरीही उरलं तर दारच्या डाळिंबाला, या हिशेबानं त्यानं एकेक रुपया तीनतीनदा वापरला असणार. तालुक्यातून माण नावाची नदी जाते. नकाशावर तिची रेघ निळी असते. जमिनीवर वर्षातला बराच काळ ती वाळूच्या रंगाची असते. अशा ठिकाणच्या माणसाच्या हातात दर पाच वर्षांनी एक मत पडतं, तेव्हा ते तो कसं खर्च करत असेल? राज्यशास्त्राच्या पुस्तकांत याचं उत्तर नाही, कारण ती पुस्तकं नळाला चोवीस तास पाणी असलेल्या गावांत लिहिली जातात. माझं म्हणणं असं की, सांगोला विधानसभा मतदारसंघाचे १९६२पासूनचे निकाल पाणी जपून वापरणाऱ्या माणसाच्या सवयीनं वाचले तरच उलगडतात. एरवी ते वेडेवाकडे दिसतात. हे म्हणणं आकड्यांनी पटवता येतं. निदान आकड्यांनी ते खोडता तरी येत नाही, आणि विनोदी लेखाला एवढा पुरावा पुष्कळ झाला.

आधी खतावणी मांडू. १९६२ साली गणपतराव देशमुख नावाचे वकील शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) इथून पहिल्यांदा निवडून आले. १९६७ला पुन्हा आले. १९७२ला पडले. १९७४च्या पोटनिवडणुकीत परत आले आणि मग १९७८, १९८०, १९८५, १९९० असे येतच राहिले. १९९५ला पडले, १९९९ला उठले, आणि २००४, २००९, २०१४ अशी आणखी तीन वर्षं खात्यावर चढली. एकूण १३ लढती, ११ विजय, दोन पराभव. मतदारसंघ एक, पक्ष एक, उमेदवारही तोच. तामिळनाडूत करुणानिधी १३ वेळा निवडून आले हे खरं, पण ते कुळित्तलैपासून तिरुवारूरपर्यंत विहिरी बदलत गेले. गणपतरावांनी आयुष्यभर एकाच विहिरीत पोहरा सोडला. ही यादी वाचून बहुतेकांना सांगोल्याची निष्ठा दिसते आणि गहिवरून येतं. मला त्यात खाडे दिसतात. दूधवाल्याच्या हिशेबात महिनाभर आलेलं दूध कुणाच्या लक्षात राहत नाही. भांडण होतं ते खाड्यांवरून, आणि घरातली बाई किती चोख आहे हे कळतं तेही खाड्यांवरूनच. सांगोल्याच्या वहीत असे तीन खाडे आहेत. १९७२ आणि १९९५ हे दोन खुद्द गणपतरावांचे; तिसरा २०१९चा, जेव्हा वयापरत्वे ते थांबले आणि त्यांच्या घरातला उमेदवार पडला. ज्यांना निष्ठा म्हणजे काय हे समजून घ्यायचं आहे त्यांनी अकरा विजयांचा अभ्यास करावा. मला खाड्यांतच जास्त रस आहे.

निवडणुकीच्या पंडितांचा सगळ्यात लाडका शब्द म्हणजे लाट. हा शब्द समुद्रकाठचा आहे; सांगोल्यापासून समुद्र फार लांब. १९६२ला काँग्रेसनं राज्यात २६४पैकी २१५ जागा जिंकल्या, तेव्हा सांगोल्यानं शेकाप निवडला. १९८०ला इंदिरा गांधी परत आल्या, सांगोल्यात गणपतराव परत आले. इंदिराजींच्या हत्येनंतर देशभर सहानुभूती उसळली. १९८५ला सांगोल्यानंही हळहळ व्यक्त केली असेल, पण मत नेहमीच्याच ठिकाणी दिलं. २०१४ला मोदींची लाट आली तेव्हा नव्वदीच्या उंबरठ्यावरचे गणपतराव २५ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. लाटेचं पाणी तालुक्यात शिरलं ते एकदाच, १९७२ला. बांगलादेश युद्धानंतरचा तो काळ. काँग्रेसला २७०पैकी २२२ जागा मिळाल्या आणि सांगोलाही त्यात भिजला. त्याच वर्षी पावसानं दगा दिला आणि म्हातारी माणसं अजूनही ज्याच्या आगेमागे वाढदिवस मोजतात तो बहात्तरचा दुष्काळ पडला. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव जोडण्याचं धाडस मी करणार नाही. पण माणदेशातला माणूस योगायोगाचीही नोंद ठेवतो. दोन वर्षांत पोटनिवडणूक लागली आणि चूक दुरुस्त झाली.

१९९५चा खाडा याहून मजेदार आहे. त्या वर्षी काँग्रेस राज्यात ८० जागांवर आली, ४५ अपक्ष निवडून आले आणि मनोहर जोशींच्या नेतृत्वाखाली शिवसेना-भाजप युतीचं पहिलं सरकार बसलं. महाराष्ट्रानं काँग्रेसला घरी पाठवायचं ठरवलं नेमकं त्याच वर्षी सांगोल्याला काँग्रेस निवडून द्यायची बुद्धी झाली. सगळी पंगत जेवून विडा खात असताना एखाद्यानं पाटावर येऊन बसावं आणि ‘वाढा’ म्हणावं, तसं. आणि २०२४ला महायुतीला २३०च्या घरात जागा मिळाल्या तेव्हा सांगोल्यानं पुन्हा शेकाप काढला. यावर कुणी म्हणेल, तालुका मुळातच उलट्या खोपडीचा आहे. राज्य पूर्वेला गेलं की हा पश्चिमेला जाणार. ही हरकत ऐकायला बरी वाटते, पण टिकत नाही. उलट वागणाऱ्यालाही आधी सुलट काय चाललंय ते बघावं लागतं. हट्टी मूल घरच्यांकडे टक लावून बसलेलं असतं. २०१९ला युती राज्यात जिंकली आणि सांगोल्यातही युतीचाच उमेदवार जिंकला. म्हणजे हा तालुका लाटेबरोबर जात नाही आणि लाटेविरुद्धही जात नाही. त्याचं तिकडे लक्षच नसतं. ज्याला टँकर किती वाजता येणार याची चिंता असते तो भरती-ओहोटीचं वेळापत्रक कशाला बघेल?

दुसरं उत्तर पक्षाचं. सांगोला म्हणजे शेकापचा बालेकिल्ला, हे वाक्य वर्तमानपत्रांनी इतकं छापलं की त्याचा खिळाच झिजला असेल. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी उभा केलेला हा पक्ष. लाल बावटा आणि खटारा ही त्याची जुनी निशाणी. १९६२ला विधानसभेत त्याचे १५ आमदार होते, १९६७ला १९. पुढे मार्च-एप्रिलातला पाझर तलाव आटतो तसा तो आटत गेला. २००४ला दोनच आमदार उरले, २०१४ला तीन, आणि २०२४ला एकटा एक, तोही सांगोल्याचा. एखाद्या गावाला आपल्या पक्षाचं खरोखर वेड असेल तर पक्ष आटताना गावाचा घसा कोरडा पडायला हवा. इथे तसं काही झालं नाही. राज्यातल्या तळ्याची पातळी काय आहे याच्याशी आपल्या डोहाचा संबंध नाही, अशा थाटात सांगोला खटाऱ्यात बसून राहिला, कारण तो खटारा त्यांच्या गावात चालत होता. त्याला समांतर असं एक उदाहरण तालुक्यातच आहे. सांगोल्यात कापसाचं पीक नावालाच; तिथे गणपतरावांनी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली, आणि राज्यातल्या कापूस पिकवणाऱ्या भागांतल्या कित्येक गिरण्यांना कुलपं लागली तरी ही चालत राहिली. सुतावरून स्वर्ग गाठतात असं म्हणतात. इथे कापूस नसताना सूत आणि पक्ष नसताना आमदार अशा दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षं गाठल्या गेल्या. निष्कर्ष एवढाच की, चालती वस्तू केवळ जुनी झाली म्हणून टाकून द्यायची नाही. याला निष्ठा म्हणा हवं तर. ज्या घरात मोटेच्या जुन्या कातड्याच्याही वाद्या करतात तिथे या गुणाला वेगळं नाव नसतं.

तिसरं उत्तर सगळ्यात वजनदार: माणूसच तसा होता. या हरकतीपुढे मान लववावी लागते. गणपतराव एसटीनं प्रवास करत ही गोष्ट महाराष्ट्रात इतक्यांदा सांगितली गेली आहे की ती आता लोककथेत जमा झाली आहे. तिचं मोल कळायला एसटीच्या गाडीत ‘विधिमंडळ सदस्यांसाठी राखीव’ असं रंगवलेलं आसन आठवावं. पिढ्यान्‌पिढ्या प्रवाशांनी त्या आसनावर कोंबड्या, पेंडीची पोती आणि माहेरवाशिणीचं बोचकं ठेवून प्रवास केला. त्यावर खरोखरचा आमदार बसतो ही कल्पना कंडक्टरलाही नव्हती. देवळातला राखीव पाट जसा देवासाठी असतो, आणि देव यायचा नसतो हे पुजाऱ्यासकट सर्वांना ठाऊक असतं, तशातला तो प्रकार. गणपतराव त्यावर येऊन बसत. असा माणूस अकरा वेळा निवडून आला यात नवल काय, असं कुणी विचारलं तर उलट विचारावंसं वाटतं, की मग तेराच्या तेरा वेळा का नाही? १९९५ला ते काय विमानानं फिरू लागले होते? साधेपणा १९९०ला होता तेवढाच १९९५ला होता, आणि १९९९लाही तेवढाच. माणूस तोच, एसटी तीच, आसन तेच. निकाल मात्र वेगळा. म्हणजे साधेपणावर भाळून डोळे मिटून मत टाकण्याइतका हा मतदार भोळा नाही. चांगल्या विहिरीचाही तो अधूनमधून तळ तपासतो.

आणि तपासतो तो कसा, यातच खरी गंमत आहे. १९९५ला गणपतराव शहाजीबापू पाटलांकडून हरले ते १९२ मतांनी. २०१९ला त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख पुन्हा शहाजीबापूंकडूनच हरले ते ७६८ मतांनी. ९९,४६४ विरुद्ध ९८,६९६. सरळ लढतीत १९२चा फरक म्हणजे ९७ माणसांनी मत फिरवलं असतं तर निकाल फिरला असता. ९७ माणसं म्हणजे लग्नातली एक पंगत. त्या दिवशी तालुक्यातल्या एखाद्या मांडवात वाढप्यानं अंमळ हात चालवला असता आणि अशा दोन पंगती मतदान संपायच्या आत उठून केंद्रावर पोचल्या असत्या, तर महाराष्ट्राच्या विधिमंडळाच्या इतिहासात अकराच्या जागी बारा लिहावं लागलं असतं. ७६८ म्हणजे मत फिरवणाऱ्या अशाच चार पंगती. आता याच्यासमोर जिंकण्याचे आकडे ठेवा. २०१४ला २५ हजारांच्या वर, २०२४ला २५,३८६. म्हणजे काढून घ्यायचं तेव्हा वाटीनं आणि ओतायचं तेव्हा घागरीनं. शेजारच्या पुणे जिल्ह्यात बारामतीनं २०१९ला अजित पवारांना १,६५,२६५ मतांचं आधिक्य दिलं. नीरेच्या कालव्याकाठी मतं अशी पाटानं सोडता येतात. (बारामतीचा जिरायती भाग या वाक्यावर हरकत घेईल, आणि ती रास्त असेल.) सांगोल्याला हा थाट परवडत नाही. एखाद्याला घरी बसवायला १९२ मतं पुरत असतील तर १९३वं मत खर्च करणं ही उधळपट्टी आहे, असा काहीसा तो हिशेब.

इथे संख्याशास्त्राचा प्राध्यापक चष्मा सावरून म्हणणार, की दीड-दोन लाख लोक पारावर बसून १९२ हा आकडा ठरवत नाहीत. दोन तुल्यबळ उमेदवार असले की फरक कमीच पडायचा, तुम्ही त्यात हेतू कसले शोधता? प्राध्यापकांचं बरोबर आहे. पण तुल्यबळ कोण कुणाला करतं? एका बाजूला वर्षानुवर्षांच्या आमदाराचं घर आणि दुसरीकडे त्या घराविरुद्ध पुन्हा पुन्हा उभा राहणारा उमेदवार, यांचा तराजू ऐन १९९५ला आणि ऐन २०१९ला मधोमध येऊन थांबतो, आणि पुढच्या निवडणुकीत पुन्हा एका बाजूला कलतो. पाणी पिताना माणूस तांब्या किती वाकवायचा हे मोजत नाही, तरी सदऱ्यावर सांडत नाही. सवय नावाची गोष्ट असते. ती संख्याशास्त्रात बसत नसेल तर संख्याशास्त्रानं थोडं सरकून घ्यावं.

शहाजीबापूंना या इतिहासात केवळ हरणाऱ्याची जागा देणं अन्यायाचं होईल. विहिरीशेजारी आड असावा लागतो, तसे ते सांगोल्याचे आड आहेत. १९९५ला ते काँग्रेसचे होते, २०१४ आणि २०१९ला शिवसेनेचे, २०२२नंतर एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे. पक्ष बदलले तरी समोरचं घर त्यांनी बदललं नाही. हीही एक प्रकारची निष्ठाच. तालुक्याबाहेर त्यांची कीर्ती पसरली ती जून २०२२मध्ये, शिंदे यांच्या बंडाच्या वेळी, गुवाहाटीहून झालेल्या एका फोनमुळे. ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हे उद्गार राज्यभर घुमले, त्यांवर गाणी निघाली, आणि एका सरकारच्या पतनाचं गांभीर्य त्या एका वाक्यानं खाऊन टाकलं. लोकांनी ते थट्टेवारी नेलं, पण माझ्या मते गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या कुठल्याही आमदारानं केलेलं ते सर्वांत प्रामाणिक विधान आहे. बाभळी, बोरी आणि कमरेएवढ्या डाळिंबांवर ज्याची नजर पोसली त्याला आसामातला हिरवा डोंगर बघून दुसरं काय सुचणार? क्रमही बघण्यासारखा आहे. आधी झाडी, मग डोंगर, हॉटेल तिसऱ्या नंबरावर. पुण्या-मुंबईच्या आमदारानं हा क्रम उलटा लावला असता आणि झाडीपर्यंत पोचायच्या आत त्याचा फोन संपला असता. शिवाय सत्तांतर राजधानीत न होता लांबच्या मुक्कामी होतं, याचा अनुभव सांगोल्याला जुना आहे. १७५०मध्ये सदाशिवरावभाऊंनी छत्रपती रामराजांना सांगोल्याच्या मुक्कामी आणून, कारभाराची सूत्रं पेशव्यांच्या हाती देणारा करार घडवून आणला होता. तेव्हा राजाला सांगोल्याला आणलं. पावणेतीनशे वर्षांनी सांगोल्याचा आमदार गुवाहाटीला नेला. झाडीचा विचार करता दुसरा सौदा बरा म्हणायचा.

चौथी हरकत दबक्या आवाजात घेतली जाते आणि म्हणूनच ती मोठ्यानं घ्यायला हवी: हे सगळं जातीचं गणित आहे. तालुक्यात धनगर समाज मोठा, गणपतराव त्याच समाजातले, मग पाण्याच्या उपमा कशाला? जातीचं वजन नाही असं म्हणणारा माणूस महाराष्ट्रात राहत नसावा. पण या गणितात एक अडचण आहे. १९९० आणि १९९५च्या दरम्यान, किंवा २०१४ आणि २०१९च्या दरम्यान, तालुक्यातल्या कुणाची जात बदलल्याची बातमी नाही. जे बदलत नाही त्यानं बदलाचं कारण कसं सांगणार? जातीनं विहिरीची जागा कळते. पाणी कधी लागतं नि कधी आटतं ते कळत नाही.

माझ्या सिद्धान्ताला खरं भोक पाडणारी हरकत केरळातून येते. पाला नावाच्या मतदारसंघात के. एम. मणी १९६५पासून १३ वेळा निवडून आले, एकदाही पडले नाहीत. केरळात पाऊस असा की तिथे वाळत घातलेले कपडे दुसऱ्या पिढीला मिळतात. मग एकच आमदार धरून ठेवण्याचा दुष्काळाशी काय संबंध? या हरकतीनं मी काही काळ गप्प झालो असतो, पण पुढचा इतिहास मदतीला आला. २०१९मध्ये मणींचं निधन झालं आणि लगेचच्या पोटनिवडणुकीत पालानं ती जागा त्यांच्या पक्षाकडून काढून घेतली. २०२१ला खुद्द त्यांच्या मुलालाही पाडलं. धो-धो प्रेम, आणि मग धो-धो विस्मरण. पाला कधी तपासत नव्हता, म्हणून त्याला एकदम तोडावं लागलं. सांगोल्यानं गणपतराव असतानाच दोनदा तपासून घेतलं, म्हणून ते गेल्यावरही खातं चालू राहिलं. धरून ठेवणं पावसाळी मुलखातही जमतं. तहानलेल्या मुलखाची खूण म्हणजे अधूनमधून दोरी किती ओली होते ते बघणं.

आता सगळ्यात बोचरी हरकत, जी विनोदानं उडवता येत नाही. अकरा वेळा आमदार करून तालुक्याला पाणी मिळालं का? पन्नासहून अधिक वर्षं एकच माणूस आणि नदी वाळूचीच? हा प्रश्न विचारणाऱ्यानं दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. गणपतरावांनी १९७८ आणि १९९९ अशा दोन वेळच्या मंत्रिपदांचा काळ सोडला तर बहुतेक कारकीर्द विरोधी बाकांवर काढली, आणि धरणाची चावी त्या बाकांखाली नसते. तरी १९९३पासून आटपाडीला भरलेल्या पाणी परिषदांत नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीनं ते तेरा दुष्काळी तालुक्यांसाठी उभे राहिले. कृष्णेचं पाणी उचलून माणदेशात आणणारी टेंभूसारखी योजना रेटण्यात या चळवळीचा मोठा वाटा आहे. दुसरी गोष्ट अशी की, हे पाणी आलं ते ज्या गतीनं आलं ती गती बघता गोगलगायीला एक्स्प्रेस म्हणावं लागेल. पंप आधी की कालवा आधी, वीजबिल कुणाचं, कुठल्या गावाला किती, या प्रश्नांवर पिढ्या गेल्या. एवढं सांगूनही हरकत पुरती मिटत नाही, हे मान्य करतो. आमदार वारंवार बदलला असता तर पाणी लवकर आलं असतं का? आमदार वारंवार बदलणारे दुष्काळी तालुकेही आहेत. त्यांच्या नळांना तोटी आहे आणि तोटीला गंज आहे. तेव्हा सांगोल्याच्या मतदाराची निवड भरलेली विहीर की कोरडी विहीर अशी कधीच नव्हती. निदान तळाशी ओल आहे आणि काठावरचा माणूस खोटं बोलत नाही, एवढ्यावर तो थांबत आला.

राहता राहिली घराणेशाही. २०२४ला गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख १,१६,२५६ मतं घेऊन निवडून आले. शहाजीबापूंना ९०,८७० आणि दीपक साळुंखे यांना ५०,९६२ मिळाली. घराणेशाहीचा आरोप करणाऱ्यांनी याच मतदारांनी पाच वर्षांपूर्वी याच घरातल्या नातवाला ७६८ मतांनी परत पाठवलं होतं हे विसरू नये. आडनावावर उधारी मिळते, पण ती वहीत लिहून ठेवतात. याउलट मतविभागणीच्या आरोपात दम आहे. हरलेल्या दोघांची बेरीज जिंकलेल्यापेक्षा भरते, आणि दीपकआबा २०१९ला शहाजीबापूंच्या बाजूनं होते, २०२४ला स्वतः ठाकरे यांच्या शिवसेनेची मशाल घेऊन उभे. ते नसते तर त्यांची मतं कुणाकडे गेली असती हे सांगायला बाहेरच्या माणसाला कागद-पेन्सिल लागेल आणि तालुक्यातल्या माणसाला रात्र पुरणार नाही. मला त्या लढतीत वेगळीच गोष्ट मोहक वाटते. गणपतराव तालुक्याचे आबा, शहाजीराव बापू, साळुंखे पुन्हा आबा, आणि या सगळ्या वडीलधाऱ्यांना मागे टाकून निवडून आलेला तरुण नातू नावानंच बाबासाहेब. सांगोल्यात निवडणूक लढवायला वय लागत नसेल, पण हाक मारायला वडिलकीचं नाव लागतं असं दिसतं. बाबासाहेबांचं मताधिक्य आजोबांच्या २०१४च्या शेवटच्या मताधिक्याच्या अगदी शेजारचं भरलं. दहा वर्षांत पक्ष फुटले, निशाण्या बदलल्या, मतदार वाढले, आणि घागर मात्र तीच निघाली. १९२ची वाटीही त्याच फळीवर, घासून उपडी घातलेली असणार.